पुढच्या घरची बाज

म्हाळसाबाईचं नाव कुणी काढलं की मला आजही करपट ढेकर येतो. ती वाईट बाई होती म्हणून नव्हे. वाईट असती तर मी तिला केव्हाच विसरले असते.

आमच्या गावात बाळंतिणीसाठी घरोघर फिरणारी एक बाज आहे. ज्या घरात बाई अवघडलेली असेल त्या घरी ती वेळेआधी जाते, आणि बाई सव्वा महिन्यानं उठली की पुढच्या घरी जाते. कुणालाही विचारा, बाज कुणाची? शेंबडं पोर सांगेल, म्हाळसाबाईची.

आता माझं ऐका. बाजेचं लाकूड आमच्या बांधावरच्या बाभळीचं. सुताराला जेवण आमच्या घरचं. पहिली दोन वर्षं बाज राहिली आमच्या दुकानामागच्या कोठीत. मी वाण्याची बायको, बारा महिने गावात. म्हाळसाबाई धनगराची; दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगाथडीला, गोदेकाठी, जायची ती मृगाला परत. म्हणजे वर्षातले आठ महिने ती गावातच नाही. आणि बाज तिची!

आमचं गाव कडा या बाजारगावाच्या बाजूला, मोगलाईच्या अगदी कडेला. थोडं पुढं गेलं की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आणि पलीकडं नगरचा इंग्रजी मुलूख. घरं मातीची. पावसाळ्यात भुई ओल धरते आणि त्या ओलीवर बाळंत झालेल्या बाईला वात भरतो. अशीच कुंभाराची एक सून गेली, तेव्हा मी आमच्या मालकांच्या मागं लागून बाभळ तोडली आणि बाज करवून घेतली. जिला लागेल तिनं दुकानात यावं, मागावी, मी देईन. काम झालं की परत आणून द्यावी, मी ठेवीन. यात चूक काय, मला अजून दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी मृगाला म्हाळसाबाई आली आणि मीठ घ्यायला दुकानात शिरली. उंच, काळी, कपाळावर हळदीचा मळवट, एक डोळा बारीक करून बघायची सवय. हातात लोकर कातायची चाती सारखी गरगरत असायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. अख्खा गाव मला वाणीनबाई म्हणायचा. ही एकटी पारू म्हणायची, तेही भर गिऱ्हाइकात.

कोठीचं दार उघडं होतं. भिंतीला उभी केलेली बाज तिला दिसली. दोऱ्या तुटून लोंबत होत्या.

"पुढं कोण हाय?" तिनं विचारलं.

"कशाच्या पुढं?"

"आगं, बाजंवर. पुढं कोण?"

"कुणी मागायला आलं नाही."

"माळ्याची सून परवा भुईवर बाळंत झाली."

"मग यायचं होतं तिनं. मी काय नाही म्हणाले असते?"

"तू न्हाई म्हणली नसतीस. पर दुकानाच्या पायरीवर उभं राहून फुकट मागायला जीभ उचलत न्हाई कुणाची. तुझी उचलंल का?"

मी म्हटलं, "मला मागायची वेळच येत नाही."

"तेच की," ती म्हणाली. चाती कमरेला खोवली, बाज उचलून डोक्यावर घेतली आणि मीठ न घेताच चालती झाली. त्यानंतर बाज माझ्या कोठीत कधी आली नाही.

तिनं काय केलं ते सांगते. केलं म्हणजे, तिनं स्वतः काहीच केलं नाही. हीच तर तिची कमाल.

बाज ठेवायची जागाच तिनं काढून टाकली. जी उठेल तिनं बाज स्वतःच्या डोक्यावरून पुढच्या घरी पोचवायची. मागायला कुणी यायचंच नाही. पोचवण्याआधी जुन्या दोऱ्या सोडून जाळायच्या, लाकूड गोमूत्रानं धुवायचं आणि नव्या अंबाडीच्या दोरीनं बाज विणून द्यायची. विटाळ गेला, नवी बाज झाली, कुणाच्या सासूला नाक मुरडायला जागा नाही. आणि विणायची कुणी? बाळंतिणीच्या नवऱ्यानं.

बाप्ये लोक खवळले. दुसऱ्याच्या बायकोसाठी आम्ही दोऱ्या ताणायच्या? म्हाळसाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. विहिरीवर बायकांना म्हणाली, "बाळंतिणीची बाज जो इनतो त्याच्या बैलाच्या मानंला जू घासून खांदा येत न्हाई. गंगाथडीला समदी इनत्यात." आठ दिवसांत सगळ्या गावानं हे ऐकलं आणि पंधरा दिवसांत बाप्ये लोक बाज विणायला बसले.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, "हे खरं आहे का गं, बैलांचं?"

"आता झालं ना खरं," ती म्हणाली.

बाळंतिणीच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लावायची रीत आमच्याकडं पूर्वापार आहे. म्हाळसाबाईनं तीच धरली. डहाळा दिसला की आळीतल्या प्रत्येकीनं सकाळी दळायला बसताना, जात्यात पहिला घास टाकायच्या आधी, ज्वारीची एक मूठ बाजूला काढायची आणि पाण्याला जाता जाता त्या दारातल्या मडक्यात टाकायची. दळण रोजचं, पाणी रोजचं. मूठही आपोआप रोजची झाली. कुणाला आठवण करावी लागली नाही. मी असते तर घरोघर फिरून धान्य गोळा केलं असतं, माझे पाय दुखले असते, आणि लोकांनी निदान माझे पाय पाहिले असते.

बायकांची बैठक तिनं कधी बोलावली नाही. "बसलं की बाया सासूचं गाऱ्हाणं काढत्यात," म्हणायची. जे ठरवायचं ते विहिरीवर, घागर भरेपर्यंत. रहाटावर चार जणी उभ्या असल्या की विचारायची, "पुढं कोण?" कुणीतरी नाव सांगायचं. "पोचवणार कोण?" दुसरी कुणी मान हलवायची. झाली सभा. गंगाथडीहून येताना वेशीत पाय ठेवला की पाणीसुद्धा न मागता हाच प्रश्न. आठ महिन्यांनी आलेली बाई, गावातल्या कुणाची ख्यालीखुशाली नाही, "पुढं कोण?" मला हे उद्धट वाटायचं. बाकीच्यांना कौतुकाचं.

शाबासकी तिनं कुणाला दिलेली मी ऐकली नाही. एखादीनं बाजेबरोबर आपलं खोबरं, डिंक पाठवलं तर म्हणायची, "बरं केलंस. औंदा पोचलं, आता दर साली पोचव." बाई बिचारी अडकायची.

पाटलाच्या घरची गोष्ट गावात अजून सांगतात. पाटलांची लेक पहिलटकरीण, तिच्यासाठी बाज गेली. पाटलांकडं पलंग होता, पण ह्या बाजेवर बाई सुखरूप सुटते असं तोवर लोक बोलू लागले होते. सव्वा महिना झाला, दोन झाले, बाज हलेना. पाटलीणबाईंना ती ओसरीवर बसायला बरी वाटू लागली. पुढची पाळी होती एका कोष्ट्याच्या बायकोची. पोट नाकाला लागलेलं. ती म्हाळसाबाईकडं रडत गेली. मीही तिथं होते. मी म्हटलं, "मी जाऊन पाटलीणबाईंशी बोलते. त्या माझं ऐकतात."

"नगं," म्हाळसाबाई म्हणाली. कोष्टिणीकडं वळून म्हणाली, "तू सकाळी पाटलाच्या ओसरीवर जाऊन बस. काय बोलू नगंस. इचारलं तर म्हण, बसलीया. कळा लागल्या तर तिथंच बस."

कोष्टीण गेली आणि बसली. पाटलीणबाईंनी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "बसलीया." दुसऱ्या दिवशी तेच. येणारे-जाणारे बघू लागले. तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः ओसरीवर दोऱ्या ताणत बसलेले लोकांनी पाहिले. जावयाच्या ऐवजी सासरा! बाज दुपारी कोष्ट्याच्या घरी पोचली. पाटलीणबाई मला पुढं कितीतरी दिवस म्हणत होत्या, "वाणीनबाई, तुमी येऊन नुस्तं सांगितलं असतं तरी दिली असती की." म्हणजे माझा मान राहिला तो एवढाच, आणि तोही न वापरता.

एका हिवाळ्यात तहसीलदारांचा मुक्काम आमच्या गावी पडला. त्यांच्या बेगमच्या कानावर बाजेचं गेलं होतं, म्हणून चावडीपुढं विचारणा झाली. तहसीलदार खुर्चीवर, गाव खाली. मी बायकांत पुढं उभी. तोवर गावानं आणखी दोन बाजा केल्या होत्या. कुठली कुठं आहे ते मला तोंडपाठ होतं.

"इसका इंतजाम कौन देखता है?" तहसीलदारांनी विचारलं.

"म्हाळसाबाई!" सगळा गाव एका तोंडानं.

"बुलाओ."

"हुजूर, ती न्हाई. गंगाथडीला गेलीय मेंढरं घेऊन."

"तो अभी कौन देखता है?"

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "हुजूर, बगत कुणी न्हाई. चालतंय."

तहसीलदार हसले आणि म्हणाले, माझं दफ्तर असं चाललं तर मीही गंगाथडीला जाईन. सगळे हसले. मी घरी येऊन भाकरी थापली ती इतक्या जोरात की आमचे मालक दुकानातून परात बघायला आत आले.

मग ती गोष्ट घडली.

माळ्याच्या नामदेवची बायको रखमा बाळंतपणात बाजेवरच गेली. मूल आडवं आलं, सुईणीनं जिवाचं रान केलं, दोघंही राहिली नाहीत. आमच्याकडं ओली बाळंतीण गेली की लोक किती भितात ते सांगायला नको. ती बाजेत अडकली, पुढच्या बाईला नेणार, असं दुसऱ्या दिवशी गावभर झालं. बाज येत्या अवसेला ओढ्यात नेऊन जाळायची ठरली. उरलेल्या दोन बाजांकडंही कुणी बघेना. दारातल्या मडक्यांत मूठ पडेना. दोन बायका अवघडलेल्या होत्या, दोघींच्या सासवांनी सांगितलं, आम्ही भुईवरच बऱ्या.

म्हाळसाबाई गंगाथडीला. मृगाला अजून तीन महिने. कड्याच्या बाजारात एक धनगर भेटला, त्याच्याबरोबर मी निरोप धाडला. उलट निरोप आला तो असा: "मला कावून इचारता? बाज तुमच्याकडं हाय."

मी तो निरोप आणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेव्हा माझी शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. आमच्या घरी सागवानी पलंग आहे. मी ओढ्यावर गेले, सरपण रचलेलंच होतं, आणि जमलेल्यांना म्हटलं, "बाज माझ्या घरी पाठवा. शांता हिच्यावर बाळंत होईल."

हे मी दयेनं केलं असं कुणी समजू नये. मृगाला म्हाळसाबाई वेशीत येणार, "पुढं कोण?" विचारणार, आणि गाव सांगणार की बाज वाणीनबाईच्या डोळ्यादेखत जळाली. ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच.

घरात वादळ झालं. मालक म्हणाले, "तुझं डोकं फिरलंय? पोटची पोर आहे."

"म्हणूनच. दुसऱ्याची पोर मी कशी घालू?"

शांता रडली. मग म्हणाली, "आई, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "पण मूल आडवं आलं ते पोटात. बाजेला काय कळतं?"

राहिल्या दोऱ्या. मालकांच्या हाताला तागडीशिवाय काही माहीत नव्हतं. मी स्वतःच विणायची म्हणून अंबाडी भिजत घातली. सकाळी दार उघडलं तर अंगणात नामदेव उभा. रखमाला जाऊन महिनाही झाला नव्हता. डोकं भादरलेलं, खांद्यावर दोरीची वेटोळी.

"तू कशाला आलास?" मी म्हटलं.

"पाळी माझीच हाय, वाणीनबाई," तो म्हणाला.

त्यानं लाकूड धुतलं, बसला आणि दुपार टळेपर्यंत विणलं. शेवटची दोरी पायानं रेटून ताणली, हातानं बाज दाबून पाहिली आणि निघाला. मी भाकरी वाढली होती, ती त्यानं खाल्ली नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी तर नाहीच. त्याला एवढंच ठाऊक होतं, की बाज आपल्या घरातून हलली म्हणजे विणून द्यायची असते.

शांता त्याच बाजेवर सुटली, भर दिवसा, फार त्रास न होता. मुलगी झाली. मी दाराला निंबाचा डहाळा लावला आणि आत आले. आता मडक्यात काही पडतं की नाही, हे बघायला मी दाराच्या फटीशी उभी राहिले. पहिली मूठ कोष्टिणीनं टाकली. मग एक, मग दुसरी. आमच्या घरात पोत्यांनी ज्वारी होती. मी ती मूठमूठ ज्वारी शिजवून शांताला घातली. सव्वा महिन्यानं शांतानं बाज डोक्यावर घेतली आणि पुढच्या घरी पोचवून आली. मालकांनी जावयाच्या वतीनं दोऱ्या विणल्या होत्या, वाकड्यातिकड्या. त्या घरानं त्या सोडून परत विणल्या.

आणि गाव काय म्हणाला? "म्हाळसाबाईची बाज लई पुण्याची. मेलेल्या बाईचा दोष बी तिला लागला न्हाई."

मृगाला ती आली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं असणार. दुकानात येऊन तिनं मीठ मागितलं, माझ्याकडं एक डोळा बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "पुढं कोण?" मी नाव सांगितलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

पुढं चारपाच वर्षांनी तिचं गावात येणं थांबलं. गुडघे गेले होते, मृगाला एवढं अंतर परत चालणं तिला झेपेना. मुलं यायची, ती गंगाथडीलाच नातवाबरोबर राहायची. गावात बाजा फिरत राहिल्या. ती नसल्यानं काही अडलं नाही. मी असल्यानंही नाही, पण ते जाऊ द्या.

शांताचं सासर गंगाथडीलाच, चकलांब्याच्या बाजूला. तिच्या तिसऱ्या खेपेला मी गाडीनं तिकडं गेले. बघते तर दारात मडकं आणि डहाळा, आणि घरात बाज. शांताची सासू कौतुकानं म्हणाली, "आमच्याकडं रीत हाय, विहीणबाई. काशीबाईची बाज म्हणत्यात. आमच्या काशीबाईनं काढली." पलीकडच्या वस्तीवर गेले तर तिथंही तीच रीत, तेच बैलाच्या मानेचं. तिथं ती "थोरल्या सोनारणीची बाज". तिसऱ्या गावात आणखी कुणाची. म्हाळसाबाईचं नाव एकीला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर एका उन्हाळी रानात धनगरांचा वाडा, मेंढरं नि बिऱ्हाडं, उतरलेला दिसला. मी गाडी थांबवली. म्हाळसाबाई घोंगडीवर बसली होती. केस पांढरे, चाती चालूच.

"पारू," ती म्हणाली. "लई जाड झालीस."

मी पाणी प्याले आणि सरळ विचारलं, "इथं सगळीकडं दुसऱ्यांची नावं. मग आमच्याच गावात तेवढं तुझं नाव, ते का?"

तिनं चाती थांबवली. बोलता बोलता ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मेंढरं दोन जातीची असत्यात," ती म्हणाली. "एकाला पुढं काढलं की ते चालतं. काशी तसली. दुसऱ्याला पुढं काढलं की ते हुभंच राहतं, इकडंतिकडं बगतं, मला कोण बगतंय म्हणून. त्याच्या पुढं दुसरं एक दिसावं लागतं. मग ते असं पळतं, असं पळतं, की पुढच्याच्या टाचंला तोंड लावतं."

"म्हणजे मी मेंढरू?"

"चांगलं हाय की. माझं नाव व्हतं म्हनून तू एक दिस बाज पडू दिली न्हाईस. पोटची पोर घातलीस तिच्यावर. काशीनं घातली नसती."

एवढं बोलून तिनं चाती पुन्हा फिरवली आणि सुनेला हाक मारली, पाव्हणीला दूध दे म्हणून. मी दूध घेतलं. मेंढीचं होतं, घट्ट आणि गोड. पेला रिकामा केला आणि गाडीत चढले.

गाडी वाटेला लागल्यावर तिला द्यायचं उत्तर सुचलं. चांगलं सणसणीत सुचलं. मी मागं वळले. तोवर वाडा हलला होता. कळप रानाबाहेर पडत होता. पुढं तिचा नातू, मध्ये मेंढरं, आणि सगळ्यांच्या मागं ती, काठी टेकत, काखेत एक कोकरू, धुळीत निम्मी झाकलेली. पुढच्यांपैकी कुणी, माणूस काय की मेंढरू काय, मागं वळून ती येतेय का हे पाहत नव्हतं. तिलाही त्याचं काही नव्हतं.

"वाणीनबाई," गाडीवान म्हणाला, "मान आखडंल, कवाच्या मागं बगताय."

"तू बैलांकडं बघ," मी म्हटलं.